रेघा मारायचा रविवार

दर वर्षी रेघा मारायच्या रविवारी धाकटा उशिरा यायचा, आणि रंगाचा डबा संपत आला की "मला कुणी सांगितलंच नाही" म्हणून फुगून बसायचा. या वर्षी मात्र थोरली हॉलपाशी पोचली तेव्हा कुलूप निघालेले होते आणि आतून खरवडण्याचा आवाज येत होता. तिच्या मनात पाल चुकचुकली. धाकटा वेळेवर आला म्हणजे काहीतरी ठरवून आला, हे तो रांगत होता तेव्हापासून तिला ठाऊक होते.

आत तो गुडघ्यांवर बसून बॅडमिंटनच्या मधल्या कोर्टाच्या जुन्या रेघा लोखंडी पात्याने काढत होता. कडेच्या कोर्टांना त्याने हातही लावला नव्हता.

"सुरुवात नेहमी भिंतीकडून करतो आपण," थोरली म्हणाली.

"ताई, बस जरा. बोलायचंय."

"बसू कुठे? सगळीकडे कचरा करून ठेवलायस."

तरी ती बसली, गटिंगच्या मशीनशेजारच्या तिच्या स्टुलावर. क्लबातल्या सगळ्या रॅकेटा इथेच तिच्या हातून विणल्या जात. कुणाच्या जाळीला किती ताण सोसतो ते तिला तोंडपाठ होते, आणि कुणाच्या स्वभावाला किती, तेही. धाकट्याचा स्वभाव आज बराच ताणलेला दिसत होता.

"मधलं कोर्ट मला हवंय," तो म्हणाला. "निवडक मुलांसाठी. सकाळ-संध्याकाळ. तुझे नवखे भिंतीकडे जातील."

"नवखे भिंतीकडे गेले तर पत्र्याशिवाय कशालाच मारणार नाहीत."

"मग तुझ्या नवख्यांसाठी माझी पोर हरत राहू दे, असंच ना?"

थोरलीने वर पत्र्याकडे पाहिले. हा हॉल म्हणजे मुळात अण्णांचा, म्हणजे त्यांच्या वडिलांचा, लाकडी खोकी बनवायचा कारखाना. पुढे पुठ्ठ्याची खोकी आली, करवती गप्प झाल्या, आणि रिकाम्या शेडमध्ये अण्णांनी एक दिवस खडूने रेघा ओढल्या. तोवर हा खेळ इथे कुणी धड पाहिलाही नव्हता. शेडचे छप्पर मधे उंच, दोन्ही बाजूंना उतरते. मधल्या कोर्टावर शटल हवे तितके वर जाते. भिंतीलगतच्या दोन कोर्टांवर जरा उंच मारले की पत्र्यावर टण्ण वाजते आणि पॉइंट जातो. आणि अण्णांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम एकच होता: मधले कोर्ट नवख्यांचे. ज्याला खेळता येऊ लागले त्याने गुमान कडेला सरकायचे. बाहेरचे लोक याला हसत. सगळीकडे उत्तम कोर्ट उत्तम खेळाडूला. इथे ते दोन्ही हातांनी रॅकेट धरणाऱ्या बेकरीवाल्या बाईंना.

पण याच उलट्या कारभारामुळे क्लब वाढला होता. दारातून बिचकत आत येणारा माणूस पहिल्याच दिवशी हॉलच्या मधोमध उभा राहायचा आणि दोन्ही बाजूंचे पट्टीचे खेळाडू येता-जाता त्याची मूठ सरळ करून जायचे. असा माणूस मग सहसा पळून जात नसे. शिकून गेलेल्यांनी नदीपलीकडच्या शाळेत, गिरणीच्या जेवणघरात आपापले क्लब काढले होते. अण्णा गेल्यावर नवख्यांची संध्याकाळ थोरलीकडे आली आणि तिच्या आयुष्यातला निम्मा आनंद त्या संध्याकाळीत होता. हे ती कुणाला सांगत नसे, कारण सांगायची वेळच आली नव्हती. आता आली होती.

"फायनल मीही पाहिलीये," ती शेवटी म्हणाली.

"मग पाहिलंस ना? ती पोरगी नुसती उंच उंच टॉस मारत होती. मागच्या रेघेवर. आणि आपली बारकी तिथून काय करत होती? सपाट. सगळं सपाट. जाळीजवळ तिच्यासारखी कुणी नाही, पण मागे ढकललं की संपलं. का? कारण लहानपणापासून पत्र्याखाली खेळली. हात वर न्यायची तिला भीती बसलीये."

हे खरे होते, आणि म्हणूनच थोरलीला ते फार लागले. बारकी तिची भाची, धाकट्याची मुलगी. नाव बारकी, पण आता घरात सर्वांत उंच. फायनल संपल्यावर ती आत्याच्या गळ्यात पडून रडली नव्हती. तिने फक्त रॅकेटच्या तारा बोटाने एकेक सरळ केल्या होत्या, आणि ते पाहून थोरलीलाच रडू आले होते.

"मोठ्या शहरातल्या अकादमीने तिला बोलावलंय," धाकटा म्हणाला. "या आठवड्यात कळवायचंय. इथे मधलं कोर्ट मिळालं तर मी तिला इथेच तयार करीन. नाहीतर ती जाईल. आता तूच ठरव, तुला नवखे हवेत की भाची."

"हे असं विचारतात का रे कुणाला?"

"दुसरं कसं विचारू?"

तेवढ्यात दारात मधला भाऊ आला. एका हाताने त्याने आईला धरले होते, दुसऱ्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा. मधला मोटार चालवायला शिकवतो. आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याचे स्टिअरिंग सांभाळल्यामुळे असेल, पण घरातल्या प्रत्येक भांडणात जो शेवटी बोलेल त्याच्याकडे तो वळतो. त्याच्यामागून धाकट्याची बायको चहाचा थर्मास घेऊन आली, आणि तिच्यामागे चिकटपट्टीची भेंडोळी मनगटात बांगड्यांसारखी घातलेली बारकी. आल्या आल्या ती कडेच्या कोर्टावर जाऊन मुकाट्याने पॉलिश पेपर घासायला लागली.

आईला नेटच्या खांबाशेजारी खुर्ची दिली. तिने बसल्या बसल्या मधल्या कोर्टाकडे पाहिले. "इथल्या रेघा कुणी खाल्ल्या?"

धाकट्याने सगळे पुन्हा सांगितले. या वेळी जरा गोड आवाजात, कारण हॉलची किल्ली आणि शेवटचा शब्द अजून आईचा होता.

"मुद्दा बरोबर आहे," मधला म्हणाला. "पोर हातची जायला नको."

"आणि शाळेतून सुटून येणारी ती भावंडं?" थोरलीने विचारले. "बेकरीवाल्या बाई? पहाटेपासून भट्टीपुढे उभ्या असतात आणि तरी संध्याकाळी येतात. त्यांना पत्र्याखाली उभं करायचं? दुसऱ्या दिवशी येतील का त्या?"

"हाही मुद्दा आहे," मधला म्हणाला.

"दादा, तू चहा घे," धाकटा म्हणाला.

थोरलीने भावजयीकडे आशेने पाहिले. भावजय नर्स. बत्तीस वर्षांपूर्वी दवाखान्यातली पाळी संपवून ती याच मधल्या कोर्टावर पहिल्यांदा उभी राहिली होती आणि शेजारच्या कोर्टावरून धाकट्याने तिला सर्व्हिस कशी करायची ते इतके दिवस समजावले होते, की शेवटी अण्णांनीच लग्नाचे विचारले. ती तरी आपल्या बाजूने बोलेल असे थोरलीला वाटले.

आणि ती बोललीही. "खरं सांगू का, मधल्या कोर्टावर उभं केलं नसतं तर मी दुसऱ्या दिवशी आले नसते. सगळे बघत होते, पण कुणी हसत नव्हतं."

"ऐक," थोरली म्हणाली.

"पण ताई," भावजयीचा आवाज खाली आला, "मला माझी पोर घरात हवी आहे. तुम्ही रागवा हवं तर. ती गेली की घर खायला उठेल मला. कोर्टासाठी राहणार असेल तर देऊन टाका ते कोर्ट."

थोरलीला राग आला नाही. आला असता तर बरे झाले असते. तिच्या हातात आता एकच पान उरले होते आणि ते तिने टाकले.

"अण्णांचा शब्द आहे तो," ती म्हणाली. "सगळं बदललं, खालची फरशी जाऊन लाकूड आलं, दिवे बदलले. नियम कुणी बदलला नाही. नवख्याला मान द्यायचा म्हणून अण्णांनी स्वतः कडेचं कोर्ट घेतलं. इतक्या मोठ्या मनाच्या माणसाचा शब्द आपण एका फायनलसाठी मोडायचा?"

धाकट्याची मान खाली गेली. अण्णांचे नाव निघाले की या घरात बोलणे थांबते. मधल्याने चहाचा कप खाली ठेवला.

"कोण मोठ्या मनाचा?" आईने विचारले.

"अण्णा."

"हां. होतेच ते. पण कोर्टाचं तसं नव्हतं काही."

सगळे आईकडे बघू लागले. तिने चष्मा काढून पदराने पुसला. बोलायचे लांबणार असले की ती आधी चष्मा पुसते.

"तेव्हा तिन्ही कोर्टांवर सगळेच नवखे. येत कुणालाच नव्हतं. आणि भिंतीकडे मारलं की शटल जाऊन बसायचं त्या आडव्या तुळईवर. तिथून काढायचं म्हणजे शिडी. आणि हे शिडीवर चढायचे नाहीत. भोवळ यायची ह्यांना. कारखानाभर खोक्यांची चळत लावली, पण स्वतः कधी स्टुलावरसुद्धा चढले नाहीत. तुम्हाला कुणालाच माहीत नाही ना? सांगू द्यायचे नाहीत मला."

"मग चढायचं कोण?" बारकीने लांबूनच विचारले.

"मी. दुसरं कोण? तुझी आत्या पोटात होती तेव्हासुद्धा. एके दिवशी वैतागले. म्हटलं, ज्यांना येत नाही त्यांना मधे घ्या, तिथे वर काही अडकत नाही. मी आता शिडी चढणार नाही. झाला नियम."

मग मधल्याला हसू फुटले, भावजयीने तोंडावर हात धरला, आणि आई स्वतःच इतकी हसली की तिला ठसका लागला. थोरलीही हसली, पण सगळ्यांच्या आधी थांबली. जन्मभर ती ज्याला अण्णांचा मोठेपणा म्हणत आली ती आईच्या शिडीची कटकट निघाली.

"आई, हे आजच सांगायचं होतं?" ती म्हणाली.

"तू त्यांना पुढे केलंस म्हणून सांगितलं. ते तर गेले. आता काय करायचं ते तुम्ही तुमच्या तोंडाने बोला. त्यांच्या नावावर खपवू नका."

आता धाकट्याला मोकळे रान होते. थोरलीला वाटले, हा आता लगेच चिकटपट्टी उचलेल. पण तोही जागेवरून हलला नाही. वडिलांचा नियम मोडायला म्हणून कंबर कसून आला होता बिचारा, आणि मोडायला नियमच उरला नव्हता.

"मी एक बोलू?" बारकी म्हणाली. तिने पॉलिश पेपर खाली ठेवला आणि गुडघे झटकत मधे आली. "सगळे माझ्याबद्दल बोलताय, म्हणून विचारते."

"बोल ना," भावजय म्हणाली.

"जिने मला हरवलं ती नदीपलीकडच्या शाळेतल्या क्लबची. मॅच संपल्यावर मी तिच्या कोचकडे गेले. ते टपालवाले काका. मी त्यांना विचारलं, तुम्ही हा टॉस शिकलात कुठे?" ती थांबली. "ते म्हणाले, तुझ्या आत्याकडे."

थोरलीला टपालवाला चांगला आठवत होता. दिवसभर पिशवी वाहून त्याचा खांदा आखडलेला असायचा. महिनाभर तो नुसती हवा मारत होता आणि शटलला शिव्या घालत होता. त्याला तिने तेच सांगितले होते जे सगळ्यांना सांगायची, अण्णांची ती खोकीवाल्याची भाषा: वरच्या फळीवरचा डबा काढायचाय, तसा हात घाल.

"मी म्हटलं, मला नाही शिकवलं आत्याने," बारकी म्हणाली. "तर ते म्हणाले, तुला कशी शिकवेल? तू कधी नवखी होतीस का?"

ती धाकट्याकडे वळली.

"नव्हतेच ना मी बाबा? सहा वर्षांची होते तेव्हा तुम्ही मला थेट भिंतीकडे नेलंत. घरचीच पोर, हिला काय शिकवायचं. तुम्हीही तसेच. काकाही तसाच. या घरातलं कुणीच मधल्या कोर्टावर रांगेत उभं राहिलेलं नाही. आईशिवाय. आणि आईचा टॉस बघितलाय का कधी?"

"माझं काय मधेच?" भावजय म्हणाली.

"अगं, तुझा टॉस माझ्यापेक्षा चांगला आहे."

मधल्याने मान डोलावली. "आहे. मी बघितलाय." आणि या वेळी तो कुणाकडे वळून म्हणाला नव्हता.

थोरलीच्या लक्षात सगळे एकदम आले आणि तिला स्वतःची लाज वाटली. तिने परक्या माणसांचे हात धरून धरून वर नेले होते. बाहेरच्या कुणालाही आधी उंच मारायला शिकवल्याशिवाय तिने कडेला सोडले नव्हते. आणि घरची पोर डोळ्यांसमोर रोज पत्र्याखाली वाकून खेळत होती. ती कोचची मुलगी, तिला तो बघेल, म्हणून थोरलीने कधी तिच्या हाताला हात लावला नव्हता. भावाचा मान राखायला गेली आणि भाचीचा हात अर्ध्यावर राहिला.

"चुकलंच माझं," ती म्हणाली.

"तुझं एकटीचं नाही," धाकटा पुटपुटला. "मला कुठे येतो टॉस. मी काय शिकवणार होतो मधल्या कोर्टावर तिला?" हे म्हणायला त्याला किती जड गेले ते सगळ्यांना दिसत होते, म्हणून कुणी त्याच्याकडे बघितले नाही.

"आत्या, मला उद्यापासून नवख्यांत घे," बारकी म्हणाली. "रांगेत. सगळ्यांसारखी."

"आणि अकादमी?" भावजयीने भीतभीत विचारले.

"जाईन, आई. पण आत्ता नाही. त्यांना सांगते, थोडे महिने थांबा. आत्ता गेले तर तिथेही सपाटच मारीन."

भावजयीचे डोळे भरून आले. थोडे महिने म्हणजे कायमचे नव्हे, हे तिला कळत होते. तरी तिने उठून सगळ्यांचे कप पुन्हा भरले, कुणी मागितले नव्हते तरी.

"मग या रेघांचं काय?" मधल्याने डबा उघडत विचारले.

आईने थोरलीकडे पाहिले, थोरलीने धाकट्याकडे. धाकट्याने बारकीच्या मनगटातून चिकटपट्टीचे एक भेंडोळे काढून घेतले, गुडघ्यांवर बसला आणि मधल्या कोर्टाची मागची रेघ होती तिथेच पट्टी लावायला लागला. "ताई, ते टोक धर," तो म्हणाला. "नवख्यांना वाकडी रेघ नको."

रंग वाळायला रात्र गेली. सोमवारी संध्याकाळी हॉलमध्ये अजून टर्पेंटाइनचा वास होता. बारकी आली तेव्हा मधल्या कोर्टावर रांग लागलेलीच होती, आणि बेकरीवाल्या बाईंना ती कशाला आली आहे हे काही माहीत नव्हते.

"काय गं, चॅम्पियन? सर्व्हिस शिकवायला आलीस आम्हाला?"

"शिकायला आले."

"मग रांग मागून आहे," बाई म्हणाल्या. ती खरेच मागे जाऊन उभी राहिलेली पाहून त्यांनाच कसेसे झाले. त्या रांग सोडून तिच्याकडे गेल्या, तिचे कोपर धरले आणि वर केले. "असं. अजून वर. भट्टीच्या वरच्या खणातला ट्रे काढतो ना, तसं."

थोरली नेटपलीकडून हे बघत होती. आपले शिकवणे बेकरीतून फिरून घरच्या पोरीपर्यंत पोचलेले तिला दिसले. तिने शटल उंच टाकले. बारकीने पहिल्यांदा सवयीने अंग चोरले, पत्रा नसलेल्या जागी पत्रा असल्यासारखे. दुसऱ्यांदाही तेच. कितव्यांदा तरी तिचा हात पूर्ण वर गेला आणि शटल थेट आढ्याच्या अंधारापर्यंत जाऊन मागच्या ओल्या वासाच्या रेघेवर पडले. कडेच्या दोन्ही कोर्टांवरचा खेळ थांबला होता. कुणीतरी टाळी वाजवली.

मग थोरलीचे लक्ष दाराकडे गेले. धाकटा तिथे रॅकेट घेऊन उभा होता. पोराटोरांना खेळताना पाहून ताटकळणारा तो लहानपणीचा धाकटाच जणू.

"काय रे?"

"काही नाही."

"रांग मागून आहे," ती म्हणाली.

तो आला. केस पांढरे झालेला क्लबाचा कोच बेकरीवाल्या बाईंच्या मागे, शाळेतल्या भावंडांच्याही मागे उभा राहिला. ती भावंडे माना वळवून वळवून त्याच्याकडे बघत होती. त्याची पाळी आली तेव्हा थोरलीने मुद्दाम सोपे शटल टाकले. त्याने डोळे मिटल्यासारखा जोर लावून हात वर घातला. शटल उंच गेले, पण सरळ गेले नाही. तिरपे, भिंतीकडे, कडेच्या कोर्टावरून, आणि जाऊन त्या आडव्या तुळईवर बसले ते बसलेच.

सगळा हॉल वर बघत राहिला.

"बरोब्बर," कालच्यासारखीच खांबाशेजारी बसलेली आई खुर्चीतून म्हणाली. "अगदी तिथेच. तुझे अण्णाही तिथेच मारायचे."

"अण्णा?" धाकट्याने वळून विचारले. "अडकायचं ते अण्णांचं?"

"नाहीतर कुणाचं? सगळ्यांत नवखे तेच होते." हे सांगताना आईला आज हसू येत नव्हते. "मधे उभे राहिले तेव्हा कुठे शिकले."

धाकट्याने कोपऱ्यातली शिडी आणली आणि भिंतीला टेकवली. दुसऱ्या पायरीवरच त्याचे पाय लटपटू लागले. अण्णांचे हेही त्याच्याकडे आले होते आणि आजवर ते कुणाला कळले नव्हते. त्याने खाली पाहिले नाही, हाकही मारली नाही. थोरलीने रॅकेट बारकीकडे दिली, पुढे गेली आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.

"चढ," ती म्हणाली. "मी आहे."